तेराशे रुपयांचा खिशातला काटा, सराफाच्या काउंटरवर तपासलेला

नाशिकच्या सराफ बाजारात आमची ही तिसरी पिढी. आजोबांच्या वेळी गुंजा होत्या, वडिलांच्या वेळी पितळी तराजू, माझ्याकडे काचेच्या पेटीतला इलेक्ट्रॉनिक काटा. एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो आणि दरवर्षी मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं वजनातल्या माणसाने लिहिलंय, बंदुकीतल्या नाही. बंदूक मी आयुष्यात हातात धरलेली नाही.

जानेवारीत भाचा आला होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला खाणीत इंजिनिअर आहे. तिकडे उत्तरेला रानम्हशी आहेत. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणल्या, मग मोकाट सुटल्या आणि आता दलदलीची नासधूस करतात, म्हणून त्यांची शिकार तिथे कायदेशीर आहे. हा परवाना काढून दरवर्षी जातो आणि काडतुसं स्वतः भरतो. म्हणजे रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बसवायचा, बंदुकीची दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. पहिल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मामा, दारू मोजायला कुठला काटा चांगला?" आणि हिने वाढता वाढता डाव हवेतच थांबवला. तिला समजावण्यात अर्धं जेवण गेलं.

आपल्याकडे हे घरी करता येत नाही. काडतूस भरणं कायद्याने उत्पादनात मोडतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच. त्यामुळे तो दारू घेऊन आलेला नव्हता, आणि मला ती नकोही होती. त्याने टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक, ऑनलाइन मागवून आमच्याच पत्त्यावर आलेला खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा, तेराशे रुपयांचा. दुसरी, दोन टॉवेलांत गुंडाळून आणलेला त्याचा दांडीचा काटा, आरसीबीएस कंपनीचा ५-०-५, ओहाऊसने बनवलेला, सेकंडहँड घेतलेला. "तुम्ही रोज सोनं तोलता. यातला खरा कुठला, खोटा कुठला सांगा."

खिशातल्या काट्याचं नाव लिहीत नाही. तेच यंत्र त्याच डबीत पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, नाव सांगून उपयोग नाही. जाहिरातीत ५० ग्रॅमची क्षमता आणि ०.००१ ग्रॅमची अचूकता लिहिलेली असेल तर तो हाच.

आधी मापाचं बोलू, कारण मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त मजा आली. या लोकांचं सगळं वजन ग्रेनमध्ये चालतं. गोळी ग्रेनमध्ये, दारू ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. भाच्याला वाटलं मामाला हे नवं. मी म्हटलं, अरे, इंग्रजांनी १८३३ साली तोळा बांधला तो १८० ग्रेनलाच. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा आणि गुंजेचे पावणेदोन ग्रेनहून थोडे जास्त. तो मोबाइल काढून हिशेब करायला लागला. मग त्याने विचारलं, ४८० ग्रेन म्हणजे किती? दोन तोळे आठ मासे, बरोबर एक ट्रॉय औंस, ज्यावर जगभर सोन्याचा भाव निघतो. तो हसायलाच लागला. जुन्या ४५० नायट्रो एक्सप्रेस रायफलीची गोळी नेमकी ४८० ग्रेनची असायची म्हणे. ही रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीने १८९८ ला काढली, आणि काही वर्षांतच इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरवर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) बंदी घातली. कारण फौजेतल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअरही ४५० च, आणि गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. मग विलायती बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी ४६५, ४७० असे नवे बोअर काढले. सरकारने नियम काढायचा आणि बाजाराने त्याला वळसा घालायचा, हे आमच्या पेठेला नवीन नाही.

आता काटा. दुकान उघडायच्या आधी, सकाळी आठला, पंखे बंद, शटर अर्धं. जानेवारीतली नाशिकची थंडी होतीच. पहिलं काम, सोबत आलेलं २० ग्रॅमचं वजन माझ्या काट्यावर ठेवलं. १९.९८७. तेरा मिलिग्रॅम कमी. सोनाराला हे बघून काय वाटतं ते दुसऱ्या सोनारालाच कळेल. या वजनावरून काटा लावायचा, आणि वजनच खोटं! हिशेबाने बघितलं तर शंभर ग्रेनला सहा-सात शतांश ग्रेनचा फरक, म्हणजे भाच्याच्या कामाला काहीच नाही. पण वजन चमकदार, त्यावर २० कोरलेलं, डबीत मखमलीचा खळगा, आणि आत हे. माझ्याकडचं मुद्रांकित २० ग्रॅमचं वजन वापरून मी काटा पुन्हा लावून घेतला.

मग दहा ग्रॅमचं वजन वीस वेळा ठेवलं, वीस वेळा उचललं. सगळ्यात कमी ९.९९६, सगळ्यात जास्त १०.००५. म्हणजे पडद्यावर मिलिग्रॅम दिसतो, पण खरा भरवसा आठ-नऊ मिलिग्रॅमचा. ग्रेनमध्ये दीड दशांश. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, तेराशे रुपयांत हे ठीकच आहे. पण तिसरा दशांश अंक दाखवायचा आणि तो पाळायचा नाही, याला आमच्याकडे वेगळं नाव आहे.

खरी गंमत पुढे. दारू तोलताना हे लोक आधी थोडी कमी ओततात आणि मग चिमटीने किंवा छोट्या फिरत्या नळीने दाणा दाणा टाकत आकड्यापर्यंत येतात. दारू नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातून राजगिरा आणला. शंभर दाणे माझ्या काट्यावर तोलले, ७४ मिलिग्रॅम. म्हणजे एक दशांश ग्रेनला जेमतेम नऊ दाणे. भाचा म्हणाला त्याच्या दारूचा दाणा याहून थोडा जड, पण काम भागेल. शंभर ग्रेनच्या जवळ नेऊन चिमट्याने एकेक दाणा टाकायला लागलो. एक, दोन, तीन. आकडा हलेना. सात, आठ. जैसे थे. अकरा दाणे टाकले तरी पडदा ढिम्म. बारावा टाकला आणि एकदम नऊ मिलिग्रॅमने उडी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. या स्वस्त काट्यांत शून्य स्थिर दिसावं म्हणून आतला प्रोग्राम हळूहळू होणारा बदल 'हवेने झालं असेल' म्हणून गिळून टाकतो. सोनं एकदम ठेवतात, तिथे हे चालतं. दाणा दाणा टाकणाऱ्याला हा दगा आहे. उपाय एकच, पारडं उचलून पुन्हा ठेवायचं, मग खरा आकडा दिसतो. माहितीपत्रकात यातलं अक्षर नाही.

चाळीस मिनिटं चालू ठेवून रिकाम्या पारड्याचं शून्य बघितलं. बारा मिलिग्रॅम सरकलं होतं. शेजारी भाच्याचा मोबाइल वाजला तेव्हा आकडा आणखी नाचला. मोबाइल लांब ठेवा, हे मी आमच्या काउंटरवरच्या पोरांनाही सांगत असतो.

इथे मी त्याला विचारलं की बाबा, एवढा आटापिटा कशाला? म्हशीला गुंजेचा फरक काय कळणार? त्यावर त्याने जे सांगितलं ते मला पटलं. त्याच्याकडे दोन रायफली. ३७५ एच अँड एच मॅग्नम, १९१२ चं डिझाइन, गोळी ३०० ग्रेनची. आणि ४१६ रिग्बी, १९११ चं, गोळी ४०० ग्रेनची. (यात खरेदीदाराला एक इशारा. याच काट्याचं २० ग्रॅम क्षमतेचं रूपही मिळतं. ३०० ग्रेन म्हणजे १९.४४ ग्रॅम, पारड्यासकट काठावर. ४०० ग्रेन जवळजवळ २६ ग्रॅम. मोठ्या गोळ्या तोलायच्या असतील तर ते घेऊ नका.) ३७५ मध्ये दारू साधारण सत्तर-ऐंशी ग्रेन, ४१६ मध्ये शंभरच्या आसपास, दारूच्या जातीप्रमाणे. पिस्तुलाच्या काडतुसात चार-पाच ग्रेन असते, तिथे एक दशांश इकडेतिकडे म्हणजे दोन-अडीच टक्के. शंभरात एक दशांश म्हणजे हजारात एक. तेव्हा मोठ्या बोअरला तिसरा दशांश अंक लागतच नाही. लागतो तो भरवसा, की आज सत्तर म्हणून तोललेलं सहा महिन्यांनी सत्तरच भरेल. कारण दारू जास्त झाली की पुंगळीत दाब वाढतो, बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा रायफलीचा दांडा) अडकतो, आणि समोर चिडलेली म्हैस असताना बोल्ट अडकलेला चालत नाही.

दारू निवडण्याबद्दल तो रात्री गच्चीवर बराच वेळ बोलला. मला समजलं तेवढं लिहितो. रूपाने दारू तीन प्रकारची. बारीक शेवयांच्या चुऱ्यासारखी कांडी, खसखशीसारखी गोल, आणि पोह्याच्या चुऱ्यासारखी चपटी. गोल दारू मापाने ओतली तरी सारखी पडते. कांडीची मापयंत्रात अडकते, मूठ फिरवली की 'कर्र' करून दाणे कापले जातात आणि प्रत्येक ओत कमीजास्त होतो. त्याच्या दोन्ही रायफलींना कांडीचीच मानवते, म्हणून काटा हवा.

दुसरं, पुंगळी किती भरते. भरपूर भरली तर दारू आत इकडेतिकडे सरकत नाही आणि प्रत्येक बार सारखा पेटतो. एक फायदा असा की चुकून दोनदा ओतली तर ती वाहून बाहेर येते, चूक डोळ्यांना दिसते. पण ठासून भरण्यातही धोका आहे. ४५८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस १९५६ ला आलं, पुंगळी आखूड, त्यात दारू दाबून भरायला लागायची. जुन्या काडतुसांत तिचा गोळा बनायचा, नीट पेटायची नाही, गोळीचा वेग पडायचा. त्या अनुभवातूनच पुढे लांब पुंगळीचं ४५८ लॉट निघालं. नळी रुंद आणि पुंगळी आखूड असेल तर दारू चपळ लागते. रिग्बीसारखी घागरीएवढी पुंगळी असेल तर सावकाश जळणारी.

तिसरं ऊन. हा मुद्दा नाशिककराला समजवायला नको. जुनी दारू कॉर्डाइट, नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटनच्या लांब दोऱ्या, खरोखर शेवयांसारख्या. उन्हात तापली की दाब चढायचा. म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसं वेगळी विकायचे, आणि रिग्बीने ४१६ ची पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवली, दाब कमी राहावा म्हणून. भाचा ऑस्ट्रेलियाचीच दारू वापरतो, न्यू साउथ वेल्समध्ये मुलवाला इथे बनते. तिचं वैशिष्ट्य हेच की थंडीत आणि कडक उन्हात वेगात फार फरक पडत नाही. एआर २२०८ अमेरिकेत व्हार्गेट नावाने विकतात, एआर २२०९ एच ४३५० नावाने, एआर २२१३ एससी एच ४८३१ एससी नावाने. ३७५ ला तो पहिल्या दोन वापरतो, ४१६ ला नंतरच्या दोन.

आणि नावावर जायचं नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या दारू. आकडा तोच, पण आयएमआर जास्त चपळ. एकीचं माप दुसरीला लावलं तर पंचाईत. प्रत्येक दारूचं माप तिच्या कारखान्याच्या पुस्तकातून घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं, हळूहळू चढायचं. म्हणूनच मीही इथे एकही नेमकं माप दिलेलं नाही, आणि कोणी मला विचारूही नये.

दांडीचा काटा. याच्यावर मी खरंच खूश झालो. अकिकाच्या खाचेत टेकलेली पोलादी धार, एका टोकाला पारडं, दांडीवर सरकणारी तीन वजनं, आणि डोलणं लवकर थांबावं म्हणून चुंबक. बॅटरी नाही, गरम व्हायला वेळ नाही, मोबाइलची भीती नाही. क्षमता ५११ ग्रेन, म्हणजे ४०० ग्रेनची गोळीही मावते. पडद्यावर मिलिग्रॅमची फुशारकी नाही, एक दशांश ग्रेन म्हणतो आणि एक दशांशच पाळतो. राजगिऱ्याचे चार दाणे टाकले आणि टोक हललेलं डोळ्यांनी दिसलं. आधी पासंग बघितला. रिकाम्या पारड्यावर टोक रेषेच्या किंचित खाली होतं. पायाचा स्क्रू फिरवून बरोबर केलं, मग तासभर एक केस हलला नाही. दहा ग्रॅम ठेवलं, १५४.३ ग्रेन. वीस वेळा ठेवलं, वीस वेळा तेच.

तक्रारी आहेत. एक, सावकाश. वीस काडतुसांची दारू तोलायला धीर लागतो. दोन, डोळ्याच्या पातळीवर ठेवला नाही तर वाचताना चूक होते, आणि भाचा गेली चार वर्षं वरून वाकून वाचत होता. आम्ही त्याखाली पुस्तकांची थप्पी लावली. तीन, टेबल हललं की शून्य पुन्हा बघायचं. चार, धारेवर धूळ बसली की टोक आळशी होतं. त्याच्यावर मऊ ब्रश फिरवला तर फरक लगेच दिसला. तेल अजिबात घालायचं नाही. तो घालणार होता.

भाचा फेब्रुवारीच्या सुरुवातीला दांडीचा काटा घेऊन परत गेला. खिशातला माझ्याकडेच राहिला. मेमध्ये मी तो पुन्हा काढला. दुपारचे तीन, बाहेर चाळीसच्या आसपास, दुकानातला एसी मुद्दाम बंद. सकाळी लावलेला काटा दुपारी तेच दहा ग्रॅम १०.०१९ दाखवत होता. पुन्हा लावला की ठीक, तासाने पुन्हा सरकला. आतली पट्टी वजनाने वाकते आणि तिच्यावरून वीज आकडा काढते. उन्हाने तीच पट्टी बदलली की आकडाही बदलतो. माझा दुकानातला काटाही शेवटी यंत्रच, पण तो तापमान सांभाळून घेतो, म्हणून त्याची किंमत या खिशातल्याच्या कितीतरी पट आहे. आणि भाचा शिकारीला जातो तो प्रदेश नाशिकपेक्षा थंड नाही.

तर तेराशेचा काटा घ्यावा का? गोळ्या तोलून जड-हलक्या वेगळ्या करायच्या असतील तर खुशाल घ्या, एकदम ठेवायचं आणि उचलायचं काम तो चांगलं करतो. पुंगळ्या तोलायलाही चालेल. दारू तोलायला एकट्याच्या भरवशावर नको. दुसरा काटा पडताळायला म्हणून जवळ ठेवा. झाकण चांगलं आहे, उलटं करून पारडं म्हणून वापरता येतं. बटणं टचटच करतात आणि ग्रेनवरून ग्रॅमवर जायला बोट लागलं तरी पुरतं, ही एक गोष्ट मला आवडली नाही. एकक बदललेलं लक्षात आलं नाही तर काय होईल, याचा विचार करा. विकणाऱ्याला त्या खोट्या वजनाबद्दल लिहिलं होतं. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद', आणि खाली पाच तारे द्या म्हणून विनंती. मी तीन दिले, त्यातला एक झाकणासाठी.

जाताना भाच्याला मी आपल्या पेठेतून एक मुद्रांकित २० ग्रॅमचं वजन घेऊन दिलं होतं. तो काटा कसाही असू दे, रोज सुरुवातीला हे ठेवून बघ म्हणून सांगितलं. परवा त्याचा फोटो आला. पुस्तकांच्या थप्पीवर दांडीचा काटा, पारड्यात आपलं वजन, टोक बरोबर रेषेवर, वजनं ३०८.६ वर. वीस ग्रॅमचे ग्रेन तेवढेच होतात. थप्पीत सगळ्यात खाली मात्र हिचं रुखवताच्या वेळचं पाककृतीचं पुस्तक आहे, ते तो न सांगता घेऊन गेलाय.